पुढची नोंद

१

केसरीनाथ भोईर गप्प बसलेला वळ गावात कोणी पाहिलेला नव्हता. बायको सांगायची, हा माणूस झोपेतसुद्धा कुणाची ना कुणाची टर उडवत असतो. सातवी नापास झाला तो हसत हसत. मग भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या छापखान्यात अर्धं आयुष्य अक्षरांचे खिळे जुळवले, तेही हसत हसत. एकदा सरपंचांच्या पोराच्या लग्नपत्रिकेत 'जेवण बेताचं आहे, घरून खाऊन यावे' अशी ओळ त्याने जुळवून ठेवली होती. प्रूफ वेळेवर वाचलं गेलं म्हणून सरपंचांची लाज राहिली. केसरीनाथची नोकरी मात्र जाता जाता राहिली.

पुढे कॉम्प्युटर आले आणि छापखाना बसला. छापखानावाल्यांची भाची सुचेता गणित शिकलेली, चष्मेवाली, मुलखाची कडक. तिने एका लूमच्या कारखान्यावरची माडी भाड्याने घेतली, तिथे कॉम्प्युटर मांडला, आणि जुन्या सामानाबरोबर केसरीनाथलाही वर नेला. हे त्र्याण्णव सालचं.

त्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका कंपनीकडून एक पुस्तक आलं. इंग्रजी, आणि इतकं जाड की उशाला घेतलं तर मान मोडेल. कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा एक प्रोग्रॅम असतो, त्याला म्हणायचं एडिटर. त्या एडिटरला नव्या नव्या करामती कशा शिकवायच्या ते सगळं त्या पुस्तकात. पुस्तक तयार होतं, पण पाठीमागची सूची अगदी मरतुकडी. शोधायला जावं ते सापडेना. तर त्या सूचीत नोंदी वाढवायच्या, म्हणजे शब्द आणि त्याचं पान, एवढंच काम. हे वेळेत झालं तर कंपनी पुढची सगळी पुस्तकं सुचेताकडेच देणार होती.

आता माडीची रचना बघा. खाली लूम, कापड विणायचे यंत्रमाग. लूम म्हटलं की रुई. ती हवेत उडते, पापण्यांवर बसते, चहात पडते. मशीनमध्ये शिरली तर मशीन गेलंच. म्हणून सुचेताने कोपऱ्यात प्लायवूडची कॅबिन ठोकून घेतली होती. दाराला वीतभर काच, खालच्या फटीला फडका, आणि आत जायचं तर चपला बाहेर.

"आत कोन बसलाय मॅडम, शंकर का मारुती?" केसरीनाथने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"काम बसलंय," सुचेता म्हणाली. "करा."

काम असं चालायचं. केसरीनाथ बाहेर खिडकीपाशी पानं मांडून बसायचा. सुचेताने लाल पेन्सिलीने खुणा केलेले शब्द तो मोठ्याने पुकारायचा. इंग्रजी कळायचं नाही, पण खिळे जुळवून जुळवून अक्षरं तोंडपाठ. आत नीला टाइप करायची. टाइप झालं की म्हणायची, "हं." हं आला की पुढची नोंद. नाही आला तर थांबायचं. छापखान्यात प्रूफं अशीच वाचली जायची.

नीला वळ गावचीच, जानकीबाई धवलारणीची भाची. आगरी लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण लागतेच. ती धवले गाते आणि त्या गाण्यावर नवरीला हळद चढते. जानकीबाईचा आवाज वयाने बसला होता, म्हणून आता नीला गायची. लूमच्या खडखडाटावर ओरडून बोलायची सवय भिवंडीत सगळ्यांनाच, पण नीलाचा हं कधी ओरडून नसायचा. तो खडखडाटाच्या मधल्या फटीतून अलगद बाहेर यायचा, लूमचा धोटा सुतातून निघतो तसा.

केसरीनाथची एकुलती एक लेक कमळा. तिचं लग्न पंधरवड्यावर आलेलं. ती बापाला बजावून बसली होती, "नीला गानार न्हाय तर मी पाटावर बसनार न्हाय. सांगून ठेवतंय बाबा."

"मी गातो ना गो," केसरीनाथ म्हणाला.

"मग तर नवराच पाटावर बसनार न्हाय."

२

सूचीत एक गंमत असते, आणि केसरीनाथ तिच्यावर लट्टू होता. काही शब्दांपुढे पान नसतं, नुसतं लिहिलेलं असतं, 'अमुक पाहा'. म्हणजे इथे नाही, तिकडे जा. त्याने पहिल्याच आठवड्यात दोन नोंदी आपल्या मनाने पुकारल्या. हुक, कडी पाहा. कडी, हुक पाहा. नीलाने हसत हसत टाइप केल्या. संध्याकाळी सुचेताने त्या पकडल्या.

"केसरीकाका, हे काय? वाचणारा इकडून तिकडे जाईल, तिकडून इकडे येईल. बिचारा फिरत राहील ना जन्मभर!"

"फिरू द्या की मॅडम. तेवढाच व्यायाम."

सुचेताने नोंदी खोडल्या, पण चष्म्याआड हसलीच.

तर त्या दुपारची गोष्ट. केसरीनाथ पान खायला खाली उतरला. लूमवाल्या रामूची जौनपूरच्या भाषेत नक्कल करून त्याला पिडला, आणि वर येऊन पुन्हा पुकारायला बसला.

"कर्सर. पान बावन्न."

"हं."

"बफर. पान त्रेपन्न. म्हंजे म्हशीचा पोर गो!"

"हं."

केसरीनाथला जरा चुकल्यासारखं झालं. बफरची ही कोटी तो रोज करायचा, आणि नीला रोज ओरडायची, "काय काका, रोज रोज!" आज नुसता हं. रागावली असेल. त्याने चार-पाच नोंदी सरळ पुकारल्या, मग मुद्दाम एक फुसकुली सोडली.

"स्ट्रिंग. म्हंजे सूत. रामूला इचारा."

"हं."

तसाच. तितक्याच अंतराने, त्याच पट्टीत. तोंडातल्या पानाची पिंक टाकायला तो खिडकीकडे वळला, आणि वळता वळता त्याची नजर कॅबिनच्या दाराशी गेली.

चपला नव्हत्या.

नीलाच्या निळ्या पट्ट्याच्या, डाव्या अंगठ्याला तार बांधलेल्या चपला. त्या नव्हत्या. फडक्यापाशी रुईचा पातळ थर होता आणि त्यावर पाऊल नव्हतं.

"नीला?"

"हं."

आणि जिन्यावर चपलांचा आवाज झाला. नीला वर आली, हातात कागदाचा पुडा, पुड्याला तेल फुटलेलं.

"किती गर्दी गो बाय नाक्यावर! वडं गरम हायत, खावा काका. कुठं आलो आपन, बावन्नवर ना?"

३

माणसाचं डोकं मोठं लबाड असतं. त्याला काय हवं ते ते आधी ठरवतं आणि मग कारणं शोधायला निघतं. केसरीनाथने दोन वडे संपेपर्यंत तीन कारणं शोधली. एक, प्लायवूडचा पडसाद. दोन, लूमच्या आवाजाने कानात भरलेला भुंगा. तीन, आणि हे त्याला सगळ्यात आवडलं, नीलाने आपल्यावर डाव टाकला. जन्मभर त्याने लोकांची उडवली, आज कोणीतरी त्याची उडवली. भले शाब्बास! तो तिच्याकडे बघून डोळे मिचकावत राहिला, आणि ती बिचारी पदराला काही लागलंय का ते बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी नीलाने फाइल उघडली आणि आतूनच ओरडली, "काका! बावन्न, त्रेपन्न, चौपन्न झालंय की! तुमी टाइप केलंत?"

केसरीनाथ एका बोटाने टाइप करायचा, आणि ते बोटसुद्धा आधी चष्मा शोधायचं. पण दारात सुचेता उभी होती, आणि तिच्या तोंडावर चक्क कौतुक होतं. असं कौतुक केसरीनाथच्या वाट्याला छापखान्यात कधी आलं नव्हतं.

"मग!" तो म्हणाला. "तुमाला काय वाटला, म्हातारा नुसता बडबडतंय?"

नीला हसली आणि हसता हसता खोकली. घसा धरून तिने पाणी मागितलं.

"कैऱ्या खाल्ल्यास," केसरीनाथ म्हणाला. "कमळीनं आनून दिल्या असतील. दोघी चोर."

"न्हाय हो काका. कालच्या दुपारपासून असाच झालंय. काय तरी अडकल्यावानी."

४

तिसऱ्या दिवशी नीला आली नाही. घसा बसला, निरोप आला. सुचेताने कपाळाला हात लावला. मग तिने केसरीनाथकडे बघितलं, आशेने. अशा नजरेला नाही म्हणणारा माणूस तो नव्हे.

"तुम्ही व्हा मॅडम पुढं. बँकेत जायचंय ना? मी बघतो."

ती गेली. केसरीनाथने कॅबिनचं दार उघडून पाहिलं. खुर्ची रिकामी. रेक्झिनची गादी, तिला मधोमध चीर. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. त्याने दार लावलं, खिडकीपाशी बसला, आणि पोरानं दुसऱ्याच्या झाडावर दगड मारावा तसं इकडेतिकडे बघत पुकारलं.

"मॅक्रो. पान अठ्ठ्याण्णव."

लूम खडखडत होते. काही नाही. तो हसला स्वतःलाच. वेडा झालास, केसरी...

"हं."

अंगावर काटा आला, आणि काट्याबरोबर असला आनंद, असला आनंद म्हणून सांगू! जत्रेत पाळण्याने पहिल्यांदा वर नेलं होतं तेव्हा झाला होता तसा. त्याने तोंडावर हात दाबून धरला. आपणच तर बोलत नाही ना? नकला करून करून घसा आपलाआपण चालायला लागला असेल. दुसऱ्या हाताने पान उलटलं, तळहात जरासा काढून शब्द पुकारला आणि घट्ट दाबला.

"हं."

आपण नव्हे! उठून काचेशी गेला. खुर्ची रिकामी. पडद्यावर नवी ओळ आलेली. शब्द, स्वल्पविराम, पान. चूक नाही. किल्ल्या हलताना दिसल्या नाहीत, पण तेवढं बघायला तो थांबला कुठे? तो परत खिडकीशी धावला, पोरासारखा, आणि पुकारत सुटला. पानामागून पान. तो जेवढ्या घाईने पुकारी तेवढ्या घाईने हं येई. रामूच्या लूमलाही असली चाल नव्हती. मधे एकदाच तो खाली जाऊन तंबाखू मळून आला, कानात लूमचा भुंगा तसाच. दुपार टळली तेव्हा त्याचा सदरा भिजला होता, आणि एवढी मजा त्याला आयुष्यात आली नव्हती.

रामू चहाचे पेले न्यायला वर आला.

"चाचा, नीला बिटिया आई है क्या?"

"क्यूं?"

"नहीं, अभी बिजली झटके से गई थी ना, दो मिनट। सब लूम बंद। तब ऊपर से आवाज आ रही थी उसकी। हं, हं, हं।" तो जिन्याकडे पाहून थांबला. "आप तो उस टाइम नीचे थे। मेरे बाजू में। तंबाकू मल रहे थे।"

केसरीनाथने त्याला रामूच्याच आवाजात उत्तर दिलं आणि रामू हसत खाली गेला. पण तेव्हा वर कोणी पुकारत नव्हतं, मग हं कशाला आला, हा विचार केसरीनाथच्या मनात आला तो मात्र गेला नाही.

५

संध्याकाळी तो वळ गावी परतला आणि सरळ नीलाकडे गेला. जाताना ओट्यावरूनच ओरडला, "काय गो कामचोर! तुझं काम कोन करतंय, ठावं हाय?"

आतून कोणी हसलं नाही. ओसरीत नीला भिंतीला टेकून बसली होती, गळ्याला हळदीचा लेप. शेजारी कमळा, रडून नाक लाल झालेली. नीलाने तोंड उघडलं. ओठ हलले. घासलेल्या काडेपेटीइतकाही आवाज आला नाही.

"डाक्टर बोलला, घशात काय पन न्हाय," जानकीबाई म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज फाटलेल्या चाळणीसारखा. "सूज न्हाय, फोड न्हाय. पन आवाजच न्हाय. आन् आज दुपारी तर केसरीनाथ, मना भ्याच वाटला."

"काय झायला?"

"अशी पडलेली, डोळं उघडं. आन् मान हलवतं. तोंड उघडतं, मिटतं. परत उघडतं. कोन तिला गोष्ट सांगतंय आन् ती हुंकार देतंय, तशी. दुपारभर. जरा म्हनून थांबली न्हाय. शेवटाला तर किती घाईनं, तिला दमसुद्दा घेता येईना. मी तिची हनुवटी धरून ठेवली, तर माझा हात हलाया लागला."

केसरीनाथ चौकटीला धरून उभा राहिला.

नीलाने त्याचा हात ओढला आणि आपल्या गळ्याशी नेला. तिथे काही लागत नव्हतं. तिने दोन बोटं चिमटीसारखी धरली आणि गळ्यापासून दूर, लांब, आणखी लांब नेली. सूत ओढतात तसं.

"नाय गायली तर काय व्हतंय, नीला," कमळा हुंदका गिळत म्हणाली. "तू बरी हो फकस्त."

आणि त्या ओसरीत आजवर न घडलेलं घडलं. केसरीनाथला काही बोलता आलं नाही.

६

त्याने ठरवलं, पुकारायचं नाही. शब्द तोंडातून काढायचाच नाही. पुस्तक जाऊ दे खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सुचेता बाहेर गेलेली बघून, तो माडीवर चढला. कॅबिनचं दार बंद. त्याने पानांचा गठ्ठा पिशवीत भरायला घेतला.

"हं."

तो थांबला.

"हं?"

आता त्याला शेपटी फुटली होती. विचारणारी. पुढचं काय, पुढचं सांगा. नीलाचाच आवाज, गोड, गाणारा, कालच्यापेक्षा भरलेला. आणि तिकडे वळ गावात, ओसरीत, आत्ता या क्षणी तिची मान हलली असणार.

"हं?"

म्हणजे आपण पुकारलं नाही तरी तो थांबणार नाही. नोंद दिली तर सूत ओढणार, नाही दिली तरी मागून मागून ओढणार. केसरीनाथ पायऱ्यांवर जाऊन बसला. खाली उतरला तर जिन्यापर्यंत आवाज येत राहिला. त्याला घाम फुटला, आणि घाम पुसता पुसता, खरं सांगायचं तर, त्याच्या ओठाचा एक कोपरा हळूच वर गेला.

कारण जन्मभर तो एकच विद्या शिकला होता. जो आशाळभूत होऊन दारात उभा राहतो त्याला कसं फिरवायचं. उधारीवाल्याला म्हणायचं, बाबा वर आहेत. वर गेला की म्हणायचं, बाबा खाली गेले. हा जो कोण आत बसलाय तो हुशार असेल, जुना असेल, काय वाटेल ते असेल. पण तो नोंद ऐकतो. पुकारली की पाळतो. चूक करत नाही.

चूक न करणाऱ्याला फसवण्याइतकं सोपं काय आहे?

तो उठला. धोतर सावरलं. तो वर गेला, खिडकीपाशी बसला, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.

७

भिवंडीत वीज जाते तेव्हा अंधार होत नाही, शांतता होते. आधी खालचे लूम एकेक करून गळाले, मग शेजारच्या कारखान्यातले, मग पलीकडच्या गल्लीतले. दुपारचं ऊन लख्ख खिडकीत, आणि साऱ्या धामणकर नाक्याने श्वास रोखून धरलेला. हवेतली रुई, जिला लूमचा वारा कधी बसू देत नाही, ती हळूहळू खाली बसू लागली.

"हं?" आतून आलं. मशीन बंद होतं. पडदा काळा. तरी आलं.

"देतो, देतो," केसरीनाथ म्हणाला. "दम धर."

त्याने हातात पान घेतलं नाही. ही नोंद कुठल्याच पानावर नव्हती.

"हाक. ओ पाहा."

"हं."

"ओ. हाक पाहा."

आतून काही आलं नाही. केसरीनाथ उठून पुढे गेला. चपला काढायच्या राहून गेल्या. त्याने काचेला नाक लावलं.

चार दिवस कॅबिन कोणी पुसली नव्हती. फटीतला फडका सरकला होता, आणि रुई आत शिरून सगळीकडे बसली होती. टेबलावर, मशीनवर, खुर्चीच्या पाठीवर. आणि खुर्चीच्या पाठीच्या वर, जिथे काही नव्हतं, तिथेही बसली होती. हवेत दोन खांदे होते, पांढरे, पातळ, पाखराच्या पिसासारखे. मध्ये मान. मानेवर गोल, अर्धवट, जिथवर रुई पुरली तिथवर.

ते गोल वळलं. डावीकडे, ओ पाहायला. मग उजवीकडे, हाक पाहायला. मग पुन्हा डावीकडे.

"हं," डावीकडून.

"हं," उजवीकडून.

"हं. हं. हं. हं."

धोटा सुटला तसा. इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि दर फेरीला नीलाचा आवाज त्यातून जरा जरा निसटत गेला. आधी गोडवा गेला, मग पोरीपण, मग माणूसपण. शेवटी लाकडावर लाकूड आपटावं तसं नुसतं हं, हं, हं, हं. केसरीनाथला हसू फुटलं. काचेला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला. "फिर! फिर लेका जन्मभर! तेवढाच व्यायाम!"

आणि ते फिरणारं डोकं थांबलं.

हाक कोणाची, हे त्याने पाहिलं असावं. ते आता डावीकडे नव्हतं, उजवीकडेही नव्हतं. काचेकडे होतं.

खाली धाडकन वीज आली. शेकडो लूम एकदम सुरू झाले, माडी हादरली, आणि कॅबिनमधली सारी रुई एका झपाट्यात उडून छताला गेली. खुर्ची रिकामी होती. गादीला मधोमध चीर.

८

नीलाचा आवाज त्याच संध्याकाळी परत आला. पहिली जोरात शिवी तिने कमळाला हासडली, हळदीचा लेप नाकात गेला म्हणून, आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या.

उरलेल्या नोंदी सुचेताने स्वतः बसून, पुकारणाऱ्याशिवाय टाइप केल्या. सूची वेळेत गेली. जायच्या आधी केसरीनाथने तिला विचारलं होतं, "मॅडम, त्यात हाक आन् ओ अशा दोन वळी आल्यात का हो?"

"कसल्या ओळी? नाहीत. सगळी फाइल तपासलीय मी. पुन्हा काही चावटपणा केला नाहीत ना?"

"न्हाय न्हाय. म्या कुठला!"

फाइलीत नव्हत्या. मग त्या कुठे होत्या?

लग्न झालं, आणि झालं असं की गावाने नाव काढावं. नीलाने धवले धरले तेव्हा मांडवातली पोरंसोरंसुद्धा थबकली. बरोबरच्या बायका ओळीमागून ओळ झेलत होत्या आणि कमळा पाटावर पिवळीधमक होऊन बसली होती. नीलात फरक एवढाच की कोणी काही विचारलं तर ती हो म्हणायची, बरं म्हणायची, नाहीतर नुसती मान हलवायची. हं म्हणताना मात्र ती पुन्हा कोणाला दिसली नाही.

केसरीनाथ मांडवभर बोलत हिंडत होता. बँडवाल्याला म्हणाला, तुझ्या पिपाणीत उंदीर मेलाय. व्याह्याला म्हणाला, मुलगी नेता ती न्या, पण माझा उखळ ठेवून जा. आचाऱ्याची नक्कल केली, भटजींची केली, व्याहीणबाईंची त्यांच्यासमोर केली. लोक पोट धरून हसले. म्हणाले, लेकीच्या लग्नात केसरीला चेव आलाय. बायको तेवढी म्हणाली, "जेवताना तरी गप बसा. घास घशात अडकंल." तर हा घास तोंडात ठेवून बोलतो. पाणी पितो तेही बोलण्याच्या मध्ये, घाईने, एक घोट.

घोट लांबला की काय होतं, ते त्याला त्या दुपारीच कळलं होतं. जिना उतरून तो रामूजवळ पोहोचला होता, खांदे सैल सोडून म्हणाला होता, "सुटलो रे बाबा," आणि श्वास घ्यायला थांबला होता. तेवढ्या फटीत, मानेच्या मागे, अगदी जवळ, तोच हं आला होता. नीलाचा आवाज आता त्यात नव्हता. लाकडावर लाकूड. तेव्हापासून केसरीनाथने फट ठेवलेली नव्हती.

पाठवणीची वेळ झाली. टेम्पो फुलांनी मढवून उभा होता. कमळा सगळ्यांच्या पाया पडून बापापाशी आली. तिचं तोंड हळदीने आणि रडण्याने माखलेलं.

"बाबा," ती म्हणाली, "काय तरी बोला की. हसवा ना मना. तुमी न्हाय हसवलात तर मी टेम्पोत चढनार न्हाय."

सारा मांडव गप्प झाला. सगळ्यांना ठाऊक होतं, आता केसरीनाथची खास गंमत येणार. बँडसुद्धा थांबला. केसरीनाथने लेकीकडे पाहिलं, तोंड उघडलं. एक शब्द फुटेना.

वळ गावात तेव्हा लूम नव्हते. सगळं शांत.

जरा पलीकडे उभ्या असलेल्या नीलाचा हात एकदम स्वतःच्या गळ्याकडे गेला. ती केसरीनाथकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्याच्या वर, मागे, जरा उंचावर, माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी बघत होती.

"काय बाबा," कमळा डोळे पुसून, हसू आणून म्हणाली, "लग्नात तरी ती रुई झटकून यायची व्हती!" आणि तिने हात पुढे करून बापाच्या नव्या कोऱ्या सदऱ्याच्या खांद्यावरून पांढरी रुई झटकली. खांद्यावर ठेवलेल्या पंजासारखी बसली होती ती; एक बोट झटकलं, दुसरं झटकलं, तिसरं, चौथं.

"हं?"

केसरीनाथ घाईघाईने बोलू लागला.